खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं केसाळ शेवाळ: ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा माझा अनुभव

माझा टँक, म्हणजे कोरलचं समुद्री मत्स्यालय, 3 फुटी; खाली संप (फिल्टरची सोय असलेली दुसरी टाकी). खडक आणि वाळूची जागा वजा केली तर खरं पाणी 180 लिटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये खडकांवर हिरवं शेवाळ केसांसारखं वाढलं आणि झोआंथिडच्या (फुलांसारख्या दिसणाऱ्या, कोरलच्या जवळच्या जीवांच्या) वसाहती त्याखाली मिटून बसल्या. ते काढून टाकण्यासाठी जे केलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडचं पाणी आणि आपला उन्हाळा हिशेबात धरून लिहिलेलं फार थोडं सापडतं.

औषधपाण्याआधी शेवाळाची ओळख पटवायला हवी. हाताने ओढल्यावर सुटे, साधे, मऊ धागे निघाले तर ते केसाळ शेवाळ. प्रत्येक धाग्याला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतील तर ब्रायोप्सिस. ते जास्त चिवट आणि त्याचा इलाज वेगळा. लाल चिकट चादर निघाली तर ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत. नव्या टँकमधली तपकिरी पावडर म्हणजे डायटम (सिलिकाचं कवच असलेले सूक्ष्म जीव). सिलिकेट संपलं की ते सहसा आपोआप जातात. माझ्याकडे पहिला प्रकार होता.

टेस्ट केल्यावर नायट्रेट 2 पीपीएम (दहा लाखांत 2 भाग) आणि फॉस्फेट 0.04 आलं. हे आकडे चांगले वाटतात, पण खडक हिरवेगार असताना त्यांच्यावर विसंबू नये. पाण्यात येणारं खत शेवाळ लगेच खाऊन टाकतं आणि किटला फक्त उरलंसुरलं दिसतं. हाताने बरंचसं शेवाळ काढल्यावर आठवड्याभरात फॉस्फेट 0.18 वर गेलं. तो खरा आकडा.

मग ते येत कुठून होतं? खाणं मोजूनच जात होतं, फ्रोझन माईसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) गाळणीत धुऊनच टाकायचो. राहिलं पाणी. घोडबंदर रोडवर उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात. महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) माझ्या नळाला 80 च्या आसपास असतो, टँकरचा 500 पर्यंत जातो. टँकचं पाणी दोन टप्प्यांत शुद्ध होतं: आधी आरओ मेंब्रेनची गाळणी, मग उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन. मेंब्रेन साधारण 95 टक्के क्षार अडवतं असं धरलं तर पुढे रेझिनकडे 80 चे 4 जातात, आणि 500 चे 25. म्हणजे तेच डीआय रेझिन सहापट वेगाने संपतं. शिवाय रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सिलिकेटसारखे सैल धरलेले घटक सुटतात आणि मीटर तेव्हाही शून्यच दाखवत असतो.

त्याच महिन्यांत टँक थंड ठेवायला पंखे चालतात. त्यामुळे रोज 3 ते 4 लिटर पाणी उडतं, महिन्याला 90 ते 120 लिटर. उडतं ते शुद्ध पाणी; भरपाईच्या पाण्यातून आलेलं बाकी सगळं टँकमध्येच साठतं. म्हणून भरपाईचं पाणी पाणीबदलाच्या पाण्याइतकंच, किंबहुना जास्त, चोख हवं.

उपाय म्हणून दोन डीआय कॅनिस्टर एकामागे एक लावले. पहिल्यातून 1 टीडीएस आला की त्यातलं रेझिन टाकायचं, दुसरा पहिल्याच्या जागी आणायचा आणि नवं रेझिन दुसऱ्यात भरायचं. आरओ सुरू केल्यावर पहिले 2-3 लिटर डीआयकडे न पाठवता बाजूला काढायचे, कारण बंद मेंब्रेनमधून सुरुवातीला जास्त टीडीएसचं पाणी येतं. स्वयंपाकघरातला प्युरिफायर या कामाचा नाही. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं.

शेवाळ काढताना प्रवाहाचे पंप बंद ठेवले. एका हातात कडक टूथब्रश, दुसऱ्यात 12 मिमी सायफन नळी. तिचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या कापडी पिशवीत). यात पाणी वाया जात नाही आणि तुटके धागे सॉकमध्ये अडकतात. हे धागे मोकळे सोडले तर तुकडे दुसरीकडे रुजू शकतात. काम झाल्यावर सॉक लगेच बदलायचा.

सहज उचलता येणारे खडक बाहेर काढले. केमिस्टकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचं असतं. त्यात तितकंच आरओ पाणी घालून 3 टक्के केलं. हातमोजे घालून ते ब्रशने फक्त शेवाळावर लावलं, 2-3 मिनिटं थांबलो आणि मिठाच्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत खडक खळखळून धुतला. फेस येतो, पुढच्या दोन-तीन दिवसांत शेवाळ पांढरं पडतं. कोरलच्या मांसाला ते लागू द्यायचं नाही. कोळंबी असलेल्या टँकमध्ये तर थेट ओतायचंच नाही, ती पेरॉक्साइडने पटकन मरते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त खडक घ्यायचे नाहीत, नाहीतर त्यांच्यावरचे उपयोगी जिवाणू एकदम कमी होऊन अमोनिया वाढू शकतो.

फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे. 15 लिटरला 1 टेबलस्पून हा पूर्ण डोस; मी निम्म्याने, म्हणजे 6 टेबलस्पूनने सुरुवात केली. आरओ पाण्यात तांबडा गढूळपणा जाईपर्यंत धुवायचं आणि रिअॅक्टरमध्ये (हे दाणे ठेवायच्या नळकांड्यात) वरचा थर जेमतेम हलेल इतकाच प्रवाह ठेवायचा. जोरात घुसळलं तर दाणे एकमेकांवर घासून पूड टँकमध्ये जाते. फॉस्फेट झपाट्याने उतरलं आणि पुन्हा चढलं. हे अपेक्षितच असतं: चुनखडीचे खडक महिनोन्महिने फॉस्फेट शोषतात आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतात. म्हणून जीएफओ दोन-तीनदा बदलावं लागतं. 0.05 ला मी ते थांबवलं. फॉस्फेट आणि नायट्रेट शून्यावर नेलं तर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांना रान मोकळं मिळतं. बुडबुडे धरलेला तो तपकिरी चिकटा केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी त्रासदायक.

दिवे 10 तासांवरून 7 वर आणले. पूर्ण अंधार करून हे शेवाळ मुळासकट जात नाही, दिवा लागला की फुटतं.

गोगलगायी सर्वांत शेवटी, कारण लांब धागे त्या खात नाहीत; आखूड, मऊ कोंब मात्र साफ करतात. मेक्सिकन टर्बो थंड पाण्यातली, आपल्या 28 अंशांत दमते. ट्रोकस जातीची घ्यावी: उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. आठ ट्रोकस माझ्या टँकला पुरल्या. आता ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये उतरतं त्या कप्प्याच्या) दातांवर थोडं शेवाळ येतं, ते मी त्यांच्यासाठी ठेवतो. फॉस्फेट 0.1 च्या वर गेलं तरच पुन्हा 6 टेबलस्पून जीएफओ.