येऊरचा चढ, लेहची हवा आणि रक्तातलं पाणी

लेहच्या सहलीची तयारी म्हणून ठाण्यातली बरीच मंडळी पहाटे येऊरचा चढ चढतात. पाय तयार होतात, दमसास वाढतो. रक्ताला मात्र उंचीची सवय त्यातून लागत नाही, कारण येऊरला हवेचा दाब जवळपास ठाण्याएवढाच असतो. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. ऑक्सिजन तिथल्या हवेतही 21 टक्केच, पण दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो.

तिथे दोन दिवसांत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं आणि लोक म्हणतात, 'रक्त वाढलं'. तसं नसतं. वर गेल्यावर लघवी जास्त होते, रक्तातला पाण्याचा भाग घटतो. हिशेब करून पाहा: 5 लिटर रक्तात 700 ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे रिपोर्टात 14 (दर 100 मिली रक्तात 14 ग्रॅम). त्यातून 400 मिली पाणी गेलं की तेच 700 ग्रॅम 4.6 लिटरमध्ये, आकडा 15.2. नवी पेशी एकही नाही.

खऱ्या नव्या पेशींचं काम मूत्रपिंडापासून सुरू होतं. ऑक्सिजन कमी पडल्याचं त्यांना काही तासांतच कळतं, ती एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) सोडतात आणि हाडांतला मगज कामाला लागतो. तरी तांबड्या पेशींत ठळक वाढ व्हायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांच्या सहलीत शरीर तगतं ते मुख्यतः श्वास वाढवून.

म्हणून निघण्याआधी आठवडाभर बीटाचा रस पिऊन काही साधत नाही. लोह कमी असेल तर मगजाकडे कच्चा मालच नसतो. दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, बायकांमध्ये तर फारच वेळा. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती चहासोबत घेऊ नका, चहा लोह नीट शोषू देत नाही.

विमानाने थेट लेहला उतरलात तर पहिले 48 तास खरोखर आराम करा. रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावण्याआधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिर होऊ द्या. गार बोटावर तो खोटा कमी येतो. पहिल्या दिवशी 85 ते 90 दिसलं आणि माणूस नीट बोलत-चालत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण बसल्या जागी धाप लागत असेल तर आकडा कितीही असो, लगेच ऑक्सिजन, डॉक्टर आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरणं.