तुम्ही विचारलंत म्हणून: गडचिरोलीत माणसं इतकी कमी का?

प्रश्न बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडून येतो, आणि शब्द बदलले तरी मुद्दा एकच असतो: जिल्हा एवढा मोठा, मग तिथे माणसं का नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर अनेकदा आधीच ठरलेलं असतं. जंगल, नक्षलवाद, मागासलेपण. यातली शेवटची दोन उत्तरं आम्हाला मान्य नाहीत. नक्षल चळवळ इथे 1980 च्या सुमारास आली, वस्तीची विरळता त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आधी आकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 10,72,942 भरली. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे 74 माणसं, तेव्हा राज्याची सरासरी 365 होती. गोव्याशी ताडून पाहा: गडचिरोली गोव्याच्या जवळपास चौपट, आणि लोकसंख्या गोव्याहून जवळपास चार लाखांनी कमी. भामरागड हा अख्खा तालुका मिळून 36 हजारांच्या आसपास.

पण हा 74 चा आकडा नुसता वाचला तर फसवतो. जिल्ह्याची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. ती बाजूला काढली तर 3,600 चौरस किलोमीटर उरतात, आणि त्यावर दहा लाख माणसं मांडली की घनता तीनशेच्या घरात जाते, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या फार खाली नाही. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे, कारण शेकडो गावं जंगलाच्या आतच आहेत. तरी त्यातून एक गोष्ट कळते. वैनगंगेच्या काठाने वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी असं खाली उतरलात तर गावामागून गाव लागतं. विरळपणा सुरू होतो तो या पट्ट्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला.

नकाशा समोर ठेवा. पश्चिमेला वैनगंगा, पलीकडे चंद्रपूर जिल्हा. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. मग दक्षिण सीमेवर गोदावरी, आग्नेयेला छत्तीसगडच्या सीमेवर इंद्रावती, आणि सोमनूरला इंद्रावतीही गोदावरीत विलीन होते. पूर्वेला टिपागड, सुरजागड, भामरागड या डोंगररांगा आणि त्यांच्या मागे छत्तीसगडचा बस्तर. उत्तर टोकाच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत रस्त्याने तीनशे किलोमीटर सहज होतात. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली, आणि तिथून सिरोंचा दोनशे किलोमीटरवर.

वैनगंगेच्या पट्ट्यात जमीन सखल, माती पाणी धरणारी. इथे भात होतो आणि भातामागे तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले, लोकांच्या तोंडी मामा तलाव. उताराच्या वरच्या अंगाला पाळ घालून पाणी अडवायचं, खालच्या अंगाला बांध्या म्हणजे बांधांची भातशेतं पाडायची, आषाढात पऱ्हे म्हणजे रोपं उपटून रोवणा, म्हणजे लावणी करायची. पावसाने ऐन वेळी दडी मारली तर तलावाचं पाणी पीक तारून नेतं. बारमाही वस्ती दाट व्हायला एवढं पुरतं. वडशाची झाडीपट्टी नाटकंही, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातली लोकप्रिय मराठी नाटकं, याच पिकाच्या वेळापत्रकावर चालतात: धान घरात आलं, दिवाळी झाली की हंगाम सुरू.

डोंगराकडे हे जमत नाही. माती पातळ, उतार तीव्र, पाऊस भरपूर पण पाणी थांबत नाही. तिथल्या माडिया आदिवासींची जुनी शेती फिरती होती. उतारावरचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत पेरायचं, काही वर्षांनी जमिनीचा कस गेला की सोडून दुसरीकडे जायचं. सोडलेल्या जागी जंगल परत उभं राहायला पुष्कळ वर्षं लागतात, म्हणून एका गावाला शेताच्या कितीतरी पट रान हाताशी लागतं. इथेच आमच्या उत्तराचा गाभा आहे. माणसं कमी आहेत असं म्हणण्यापेक्षा एका गावाला लागणारं रान मोठं आहे असं म्हणा, म्हणजे चित्र बरोबर दिसेल.

फिरती शेती आता फारशी उरली नाही, पण रानाची गरज तशीच आहे. मोहाचंच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रभर आणि पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून काढावा लागतो, नाहीतर फूल दिसत नाही. काही जण तो जाळतात, ती आग नीट विझवली नाही की वणवा लागतो. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला बसायचं, ऊन चढलं की फूल सुकून जमिनीला चिकटतं. मग अंगणात पसरून वाळवायचं. मध्येच अवकाळी पाऊस आला तर काळं पडतं आणि भाव उतरतो. मोह सरला की चारोळी, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, त्यानंतर मोहाच्या बिया. प्रत्येकाचं झाड वेगळं, जागा वेगळी.

मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातल्या गावावरून प्रमाण कळेल. गावात पाचशेच्या आतबाहेर माणसं. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. 1,809 हेक्टर म्हणजे 18 चौरस किलोमीटर. भागाकार करा, चौरस किलोमीटरमागे तीसही माणसं येत नाहीत. आणि हे गाव ओसाड नाही. ग्रामसभा बांबू विकते आणि त्याचा हिशेब ठेवते. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा याच गावाची.

आता इतिहास. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांकडून हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आणि 1850 च्या दशकात इंग्रजांकडे गेला. इंग्रजी अमलात चांदा जिल्ह्याचे दोन भाग असत, थेट सरकारी अमलातला खालसा आणि जमीनदारांच्या हातातली जमीनदारी. खालशात जमिनीची मोजणी झाली, मालगुजार नेमले गेले, तलावांची देखभाल झाली. जमीनदारीत अहेरीसारखी प्रचंड इस्टेट होती आणि धानोरा, मुरुमगाव, रांगी, खुटगाव अशा लहान जमीनदाऱ्या. तिथे सरकारला रस होता तो सागवानात. 1858 मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी प्राणहितेच्या काठी इंग्रजांशी झुंज दिली, त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

सिरोंच्याची कथा निराळी. तो भाग 1860 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय झालं. 1874 मध्ये तो जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. आजही तिथली बोली तेलुगू आणि अनेकांची रेल्वे मंचेरियालची. 1905 मध्ये जमीनदारी गावं एकत्र करून गडचिरोली तहसील झाली. म्हणजे 1982 पर्यंत आजच्या पूर्ण जिल्ह्याचा कारभार मुळात गडचिरोली आणि सिरोंचा या दोन तहसिलींवर आणि दूरच्या चंद्रपूरवर चालत होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, आता तालुके बारा आहेत. आमच्या मते विरळ वस्ती निसर्गाने दिली, पण रस्ते-दवाखान्यांची उणीव या कायम टोकावर राहण्याने आली. दोन्हीची गल्लत करू नये.

ही गल्लत सरकारी निकषांतही होते. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात 30 हजार लोकांमागे, आदिवासी भागात 20 हजारांमागे एक. सवलत दिसते खरी. पण राज्याच्या सरासरी घनतेने 30 हजार माणसं 82 चौरस किलोमीटरमध्ये मावतात, गडचिरोलीच्या घनतेने 20 हजार माणसांना 270 लागतात. भामरागडात याहून जास्त. बाळंतिणीला किती चालावं लागेल हे लोकसंख्येचा निकष सांगत नाही.

आणि त्यात पावसाळा. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती एकत्र येतात. पाऊस बस्तरात पडतो, इंद्रावती फुगते आणि बाकी दोघींच्या तोंडाशी भिंतीसारखी उभी राहते. त्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा, तो पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. भामरागडात थेंब पडलेला नसतानाही बाजारपेठेत पाणी शिरतं ते यामुळे. 2019 च्या पावसाळ्यात असं पुन्हा पुन्हा झालं. सिरोंच्यात हेच गोदावरी करते, प्राणहितेला अडवून. जुलै 2022 चा पूर तिथले लोक विसरलेले नाहीत.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जिल्ह्यात रेल्वे फक्त देसाईगंज म्हणजे वडशाला थांबते, वडसा-गडचिरोली हा 52 किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन काम सुरू आहे. दक्षिणेला उतरणार असाल तर बल्लारशाहून अहेरी-आलापल्ली गाठा. आलापल्लीच्या सागाच्या वनाला 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं, तिथे थांबा. पुढे कमलापूरचा हत्ती कॅम्प, सिरोंच्याच्या वाटेवर वडधमचे जीवाश्म. आलापल्लीहून भामरागडकडे वळलात तर निघण्याआधी पुलाची चौकशी स्थानिक एसटी डेपोत करा. आभाळ निरभ्र असलं तरी करा, कारण पाणी कुठून येतं ते वर सांगितलंच आहे.