साप हलत कसा नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापुरात कुणालाही मी काढलेले सापांचे फोटो दाखवले की कौतुकामागोमाग प्रश्न ठरलेला: "साप इतका गुमान बसतो कसा? काही पाजता का त्याला?" शेजारच्या काकूंनी तर थेट विचारलं, "फ्रीजमध्ये ठेवून काढता म्हणे?"

काकूंनी ऐकलं ते अगदीच खोटं नाही. सापाच्या अंगची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून, गार पडला की तो सुस्तावतो, आणि याचा फायदा घेणारे आहेत. काठीने डिवचून नागाला फणा काढायला लावणारेही आहेत. मला यातलं काही करावंच लागत नाही, कारण मी मुळातच बसून राहणाऱ्या सापांच्या मागे असतो.

पावसाळ्यात मिरज, कोल्हापूर, आजरा करत आंबोली गाठतो. आपल्याकडे पावसाची वाट बघण्यात दिवस जातात, तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. (घरून नेलेली कडक भाकरी एका रात्रीत मऊ पडते, तेवढं एक दुःख.) तिथला मलबारी चापडा हा विषारी साप दबा धरून शिकार करतो. अंधार पडला की ओढ्यालगतच्या फांदीवर वेटोळं घालून बसायचं आणि बेडूक, पाल, उंदीर काहीतरी टप्प्यात येईपर्यंत तसूभरही हलायचं नाही, हाच त्याचा धंदा. डोळा आणि नाकपुडीच्या मधे त्याला एक खळगा असतो. उंदराच्या अंगची ऊब त्यातून कळते, त्यामुळे अंधाराने त्याचं अडत नाही. काही वेळा दुसऱ्या रात्रीही गडी त्याच फांदीवर सापडतो. कुणी हिरवा, कुणी तपकिरी, कुणी पिवळा, जात एकच.

लेन्समधून बघताना मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो डोळा. उभी, चिरेसारखी बाहुली. पावसाचा थेंब डोक्यावरून ओघळत थेट त्या डोळ्यावर येतो, तरी पापणी लवत नाही. लवायला पापणीच नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तो कातीबरोबर निघून नवा येतो. कात टाकायच्या आधी डोळा दुधाळ होतो आणि सापाला नीट दिसत नाही. असा साप भेटला की मी कॅमेरा काढत नाही. एरवीसुद्धा फ्लॅश मोजकेच मारतो, तेही उजेड मऊ करणाऱ्या ट्रेसिंग पेपरच्या पडद्यातून (डिफ्युझर). ज्याला डोळे मिटायची सोय नाही, त्याच्यावर धडाधड उजेड टाकायचा म्हणजे काय?

अंतराचं म्हणाल, तर लांब उभं राहूनही जवळून काढल्यासारखा फोटो देणारी १८० मिमीची मॅक्रो लेन्स घेतली ती त्यासाठीच. बसल्या जागेवरून साप साधारण अंगाच्या निम्म्या लांबीपर्यंत झेप घेतो, त्याच्या बऱ्याच बाहेर राहायचं. शिवाय सर्पदंशावरची आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापड्यासाठी वेगळी लस नाही. हे कळल्यावर शौर्य आपोआप कमी होतं.

हरणटोळ हा वेलीसारखा सडपातळ साप दिवसा भेटतो, तोही बसणाराच. झुडपात वाऱ्याबरोबर डुलतो, मधेच थांबतो. फार जवळ गेलात तर अंग फुगवतो, मग खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी दिसते. फोटोत ते छान दिसतं खरं, पण तो घाबरलेला असतो. मी मागे सरकतो. धामणीचं विचाराल तर माझ्याकडे तिच्या शेपटीचे फोटो भरपूर आहेत.

पुढचा प्रश्न असतो, "नेमका कुठे भेटला?" ते मात्र सांगत नाही. बसून राहणाऱ्या सापाचा पत्ता फुटला की रात्रीत चार टोळ्या पोचतात आणि मागची फांदी फोटोत नको म्हणून कुणीतरी ती छाटतं. साप पकडायची परवानगी नाही हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, फांदीचा विचार कुणी करत नाही.

शिकायचंच असेल तर आंबोलीपासून सुरुवात करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याच माळावर गळ्याला पंखा असलेला सरडा नर दगडावर चढून तो पंखा उघडमीट करत असतो. पाठलाग केलात तर पळेल. त्या दगडापासून लांब, जमिनीवर पालथं पडून राहा, बहुधा तो आपणहून परत येतो. सकाळी लवकर जा आणि कोपराखाली पोतं घ्या, खडी फार टोचते.