थंडीत एलईडी सिग्नल मंद का दिसतो

डिसेंबर लागला की पुण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: सकाळी सिग्नल नीट दिसत नाही, लाल आहे की पिवळा हे कळायला अगदी जवळ जावं लागतं. मग कोणीतरी सांगतं की थंडीने एलईडी मंदावला. तसं अजिबात नसतं. एलईडीला थंडी मानवते. लाल एलईडी तर मे महिन्यात तापलेल्या डब्यात देतो त्यापेक्षा गार हवेत जास्त प्रकाश देतो. अडचण असते ती त्याच्या पुढच्या काचेवर, आणि ती येते हा दिवा वीज वाचवतो म्हणूनच.

जुन्या सिग्नलमध्ये साधारण 100 वॅटचा तारेचा बल्ब असायचा. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जायची आणि तिचा मोठा भाग समोर काचेवर पडायचा. त्यामुळे काच रात्रभर कोमट आणि कोरडी राहायची. आताचं 300 मिलिमीटरचं एलईडी मॉड्यूल 10 ते 15 वॅटवर चालतं. उष्णता त्यातही होते, पण ती मागच्या ॲल्युमिनियममधून मागच्या मागे निघून जाते. एका वेळी बारा दिवे पेटणाऱ्या चौकात 1200 वॅटच्या जागी 120 ते 180 वॅट लागतात. ही बचत खरी आहे, मोठी आहे. पण वाया जाणारी ती उष्णता काच कोरडी ठेवण्याचं काम फुकटात करत होती, आणि ते काम आता माणसाने करायला हवं.

बर्फ पडणाऱ्या देशांना हे फार महागात पडलं. वाऱ्याबरोबर येणारा ओला बर्फ हूडमध्ये, म्हणजे दिव्यावरच्या छपरात, शिरून काचेला चिकटतो आणि एलईडीसमोर वितळत नाही. 2009 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात असा झाकलेला सिग्नल एका जीवघेण्या अपघाताला कारण ठरला. जपानच्या उत्तर भागात चपटे, खाली झुकवलेले दिवे बसवतात, म्हणजे बर्फ टिकत नाही. काही ठिकाणी काचेला हीटर जोडतात. पुण्यात हीटरचा विचारही नको. इथे बर्फ नाही, इथे दव आहे आणि धूळ आहे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान 10 अंशांच्या आसपास येतं, आकाश निरभ्र असतं. अशा रात्री उघड्यावरची काच आकाशाकडे उष्णता सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि पहाटे तिच्यावर दव धरतं. नदीकाठच्या चौकांत, संगमवाडी, मुंढवा, खराडीच्या बाजूला, हे जास्त. नुसतं दव असतं तर नऊपर्यंत वाळून गेलं असतं. पण त्यावर बांधकामाची आणि खडी-सिमेंटच्या डंपरची धूळ बसते. रोज पहाटे ओलं, रोज दुपारी वाळलेलं, असं महिनाभर चाललं की काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर राखाडी पापुद्रा तयार होतो. बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. सिमेंट असेल तर तो फडक्याने निघतही नाही. हिवाळ्यात पाऊस नसल्याने तो धुऊन जात नाही, पुढच्या जूनपर्यंत तसाच राहतो.

तो काढण्याची पद्धत साधी आहे, पण चुकीची पद्धत जास्त चालते. सिग्नलची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक प्रकारचं प्लास्टिक. कोरड्या फडक्याने पुसलं की बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी धूळ त्यातच अडकते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लावलं तर केसासारख्या भेगा जातात आणि ती काच बदलावीच लागते. पाच लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे भांड्याचा लिक्विड साबण पुरतो. आधी काच नुसती ओली करून दोन मिनिटं थांबायचं, मग मऊ फडकं वरून खाली फिरवायचं, शेवटी साध्या पाण्याने धुवायचं. हूडच्या आतला तळ विसरू नये, सगळी धूळ तिथेच साठते आणि वाऱ्याने पुन्हा काचेवर येते. वेळ रविवारी सकाळची उत्तम. वाहतूक कमी असते आणि पापुद्रा दवाने भिजून मऊ झालेला असतो. कंट्रोलरचा (सिग्नल चालवणाऱ्या पेटीचा) एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, बंद करण्याआधी चौकात वाहतूक पोलीस उभा हवा. नोव्हेंबरअखेर एकदा आणि जानेवारीत एकदा एवढं केलं तरी पुष्कळ, बांधकाम चालू असलेल्या चौकात मात्र दर महिन्याला.

कधी दव बाहेर नसतं, आत असतं. दिवसा उन्हात डबा 45 अंशांपर्यंत तापतो, पहाटे 10 अंशांवर येतो. एवढ्या फरकाने आतली हवा सुमारे 11 टक्के आकसते आणि डबा तेवढी हवा बाहेरून ओढतो. झाकणाच्या कडेला दवाचं पाणी साचलेलं असेल तर हवेबरोबर तेही आत जातं. मग काचेच्या आतून थेंब दिसतात, सर्किटवर हिरवा गंज चढतो आणि एलईडींची एकेक ओळ विझू लागते. मूळ बहुतेक वेळा दोनच असतात: कडक होऊन चपटी झालेली रबरी पट्टी, नाहीतर केबलची सैल ग्लँड, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथली आवळपट्टी. पट्टी बदलावी. ग्लँड आवळावी आणि तिच्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल. सिलिकॉन वापरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याने तांबं गंजतं. तळाला पाणी निघायचं भोक असेल तर ते मोकळं असू द्या. ते उत्साहाने बुजवलेलं फार ठिकाणी दिसतं, आणि तिथूनच डबा पाण्याने भरायला लागतो.

ऊन हा तिसरा भाग, आणि माझ्या मते पुण्यात सर्वांत दुर्लक्षित. डिसेंबरअखेरीस सकाळी साडेआठला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर असतो. मेमध्ये त्याच वेळी तो 33 अंशांवर असतो. म्हणजे ऑफिसच्या गर्दीच्या वेळेलाच ऊन हूडखालून थेट काचेवर येतं. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, त्यामुळे सोलापूर रस्त्याला हा त्रास नेमका होतो. हडपसरकडून कॅम्पकडे येणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो आणि तिन्ही दिवे उजळलेले वाटतात. उलट जाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जातं. संध्याकाळी कर्वे रस्त्याने कोथरूडकडे जाणाऱ्यांची तीच गत. एलईडीमागे आरसा नसल्याने उन्हाचा हा खोटा उजेड जुन्या बल्बपेक्षा कमी, पण रंगीत काच आणि तिच्यावरची धूळ तो पुन्हा वाढवतात. अशा दिशांना पारदर्शक काचेचं मॉड्यूल आणि लांब हूड घ्यावा. डोळ्यांत ऊन येणाऱ्या बाजूला दिव्यामागे काळा फलक लावावा.

आणखी एक खोड ओल्या सकाळी दिसते: बंद असलेला लाल दिवा अगदी मंद पेटलेला. कंट्रोलरमधल्या ट्रायॅकवर, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर बंद स्थितीतही सुमारे 7 मिलिॲम्पिअर प्रवाह झिरपतो. 100 वॅटचा बल्ब 435 मिलिॲम्पिअर घ्यायचा, त्याला हे कळतही नसे. 10 वॅटचं मॉड्यूल घेतं पन्नासेक, त्याला ते पुरतं. खांबाच्या जोडपेटीत टर्मिनलवर ओल आली की गळती आणखी वाढते. आधी पेटी उघडून सुकवा, घाण काढा. तरी राहिलं तर उत्पादकाने सांगितलेला लोड रेझिस्टर लावा, तो झिरपणारा प्रवाह स्वतःकडे वळवतो.

सोलर ब्लिंकर, म्हणजे सौर पॅनेलवर चालणारा लुकलुकता दिवा, बंद पडला की बॅटरीला थंडी लागली म्हणतात. 10 अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता दहा-पंधरा टक्के घटते, एवढंच, आणि चार्जिंग तर दुपारच्या 28 अंशांत होतं. आधी सावली पाहा. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य 48 अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या 10 मीटर झाडाची सावली भर दुपारी 9 मीटर पडते. एप्रिलअखेर तीच मीटरभरही नसते. ब्लिंकर उन्हाळ्यात बसवला असेल तर ती जागा तेव्हा मोकळीच दिसली असणार. पॅनेल दक्षिणेला, 30 अंशांच्या आसपास कललेलं ठेवा आणि पुसा. मग चार-पाच दिवसांनी, सूर्य उगवायच्या आधी, ब्लिंकर थोडा वेळ बंद करून बॅटरी मोजा. 12 व्होल्टच्या बॅटरीवर 12.2 च्या वर आकडा आला तर ती ठीक आहे. रोज 11.9 च्या खाली येत असेल आणि पॅनेलवर दिवसभर स्वच्छ ऊन असेल, तरच नवी बॅटरी आणा.