जांभळ्या रंगाने केलेली दिशाभूल

पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या नळीवर हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, लेप चढवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जितके जास्त हेपरिन बसेल तितके रक्त कमी गोठेल, असा माझा सरळ हिशेब होता. परका पृष्ठभाग लागताच काही सेकंदांत फायब्रिनोजेनसारखी प्रथिने त्यावर चिकटतात, त्यांच्यावर प्लेटलेट्स येऊन बसतात आणि रक्त गोठवणारी साखळी सुरू होते, एवढे मला ठाऊक होते.

ऑक्सिजन प्लाझ्माने नळीचा आतला भाग जलस्नेही केला, त्यावर पॉलिएथिलिनइमाइनचा धनभारित थर दिला आणि ऋणभारित हेपरिनचे द्रावण आतून फिरवले. हेपरिन बसले की नाही हे दाखवणाऱ्या टोल्युडिन ब्ल्यू या रंगद्रव्याचा निळा रंग गर्द जांभळा झाला आणि त्याचे छायाचित्र मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लावले, हे आठवले की आजही ओशाळायला होते. पुढे गोठू नये म्हणून सिट्रेट घातलेल्या ताज्या रक्तात, ते पुन्हा गोठू शकावे यासाठी, कॅल्शियम परत मिसळून चँडलर लूपची, म्हणजे अर्धवट भरून ३७ अंश सेल्सिअसला फिरत ठेवलेल्या नळीच्या वेटोळ्याची, चाचणी घेतली. कोऱ्या नळीत गुठळी झाली, लेपाच्या नळीत झाली नाही.

बाहेर काढलेले रक्त नंतर तरी गोठते का, असे मार्गदर्शकांनी विचारले. ते गोठत नव्हते. हेपरिन केवळ विद्युतभाराच्या आकर्षणाने धरलेले असल्यामुळे सुटून रक्तात मिसळत होते, म्हणजे मी लेप तपासतच नव्हतो, रक्ताला औषधाचा डोस देत होतो. तशीच दुसरी नळी मिठाच्या तीव्र द्रावणाने रात्रभर धुतली, आणि तिच्यात गुठळी झाली.

मग कार्बोडायइमाइड हे जोडणी घडवणारे रसायन वापरून हेपरिन सहसंयुज बंधांनी जोडले. या वेळी धुण्याने रंग हलला नाही, तरीही गुठळी झालीच, आणि हे कोडे मला कित्येक आठवडे पुरले. हेपरिन स्वतः काही थांबवत नाही. त्याच्या साखळीतील पाच शर्करांच्या विशिष्ट तुकड्याला अँटीथ्रॉम्बिन हे रक्तातले प्रथिन येऊन जुळते आणि त्यानंतर ते थ्रॉम्बिन व घटक दहा-अ या रक्त गोठवणाऱ्या घटकांना झपाट्याने निष्प्रभ करते. हा तुकडा साधारण एक तृतीयांश साखळ्यांतच असतो, आणि साखळीभर विखुरलेल्या कार्बोक्सिल गटांना जागोजागी टाचून मी त्या साखळ्याही पृष्ठभागावर आडव्या निजवल्या होत्या. टोल्युडिन ब्ल्यूला याचे सोयरसुतक नसते. तो फक्त ऋणभार ओळखतो.

लार्म, लार्सन आणि ओल्सन यांनी १९८३ मध्ये मांडलेली एका टोकाने जोडण्याची पद्धत अखेर कामी आली. नायट्रस आम्लाने हेपरिनचे मर्यादित विघटन केल्यावर टोकाला अल्डिहाइड गट येतो. तो पृष्ठभागावरील अमाइनशी जुळवून सोडियम सायनोबोरोहायड्राइडने बंध पक्का केला की उरलेली साखळी रक्तात मोकळी डोलत राहते. जांभळा रंग या वेळी आधीपेक्षा फिका होता. मात्र घटक दहा-अ रोखण्याची क्षमता मोजली तेव्हा ती आधीच्या नळीपेक्षा स्पष्टपणे अधिक निघाली, आणि धुतलेल्या नळीतले रक्त चाचणीत वाहते राहून बाहेर काढल्यावर नेहमीसारखे गोठले.

गुठळीची बारीक कडी राहिली ती फक्त वेटोळ्याची टोके जुळतात त्या जोडावर, जिथे लेप दिल्यानंतर मी नळी कापली होती. आता नळी आधी कापतो आणि मगच लेप देतो.