पेस्टीची मुरड

"अक्षराच्या टोकाला हात लावू नकोस, ते शेवटी खा," इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सच्या बेकरीतल्या आजी म्हणाल्या.

हातात गरमागरम कॉर्निश पेस्टी, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून, कड मुरडून भाजलेला कॉर्नवॉलचा पदार्थ. मी चीज-कांद्याची घेतली. अस्सल म्हणजे बीफ, बटाटा, स्वीड (सलगमसारखा कंद), कांदा, मीठ-मिरी, सगळं कच्चंच भरून भाजायचं. २०११ मध्ये या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षणही मिळालं. पण माझी नजर कडेवरच खिळलेली. अगदी आईच्या करंजीची मुरड!

पूर्वी इथल्या कथिलाच्या खाणीत उतरणाऱ्यांचा हा डबा. अर्धी उरली तर कुणाची ते कळावं, म्हणून घरच्या बाया कोपऱ्यावर आद्याक्षर उमटवायच्या.

दिवसभर ते अक्षर मनातून जात नाहीये. माझ्या शाळेच्या स्टीलच्या डब्यावरही आईनं नाव घालून घेतलं होतं.

तुमचा तसा डबा अजून आहे का घरात?