गेटर

अ‍ॅपलट्रीविक हे इंग्लंडमधलं गाव मागे टाकून दहा मिनिटंही झाली नसतील, सायकलच्या मागच्या चाकातून गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. गडग्यापलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या. उतरून पाहिलं तर टायर बाजूने दोन बोटं फाटला होता आणि त्या फटीतून ट्यूबच्या चिंध्या बाहेर आल्या होत्या. जादा ट्यूब दोन होत्या. जादा टायर नव्हता.

चूक माझी होती, ती आधी सांगते. ही सायकल डॉझ गॅलेक्सी, 1970च्या दशकातली. लीड्समधल्या एका घराच्या गॅरेजमधून आणली तेव्हा तिचा रंग ओळखू येत नव्हता, पण सीटच्या नळीवरचं रेनॉल्ड्स 531चं स्टिकर शाबूत होतं. 531 म्हणजे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद, 1935 सालापासूनचं. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, त्यामुळे जोड भक्कम राहतात आणि मधला भाग किंचित लवतो. खडबडीत रस्त्यावर सामान लादून चालवलं की हे मनगटांना कळतं. मी अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली चालवल्या आहेत. पुन्हा चालवणार नाही.

हिवाळाभर तिची दुरुस्ती केली. सीटचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, फ्रेम पोलादाची. दोन्ही एकमेकांना असे धरून बसले होते की तीन आठवडे रोज तेल सोडलं, सायकल उलटी टांगून खालूनही सोडलं, तेव्हा एका रविवारी दांडा करकरत फिरला. पायडलच्या एक्सलचा उजवा कप काढताना आटे उलटे असतात हे कुणी सांगावं लागलं नाही. नारायण पेठेत आमच्या वाड्याखाली सायकलचं दुकान होतं, तिथल्या काकांचा हात मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. छर्रे नवे, तारा नव्या, ब्रूक्सच्या कातडी सीटला पॉलिश. फक्त टायर जुनेच ठेवले, कारण त्यांच्या मधाच्या रंगाच्या कडा त्या सायकलला शोभत होत्या. कडांना बारीक चिरा होत्या. मला त्या दिसत होत्या, तरीही मी तेच टायर ठेवले.

रस्ता होता ‘वे ऑफ द रोझेस’, मोरकॅमच्या समुद्रापासून ब्रिडलिंग्टनच्या समुद्रापर्यंत, 170 मैल, म्हणजे साधारण 270 किलोमीटर. लँकेशायरचा लाल गुलाब आणि यॉर्कशायरचा पांढरा, म्हणून हे नाव. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेला जातात. पहिला दिवस वाऱ्याने ढकलत नेला. सेटलमधल्या मुक्कामी मात्र सायकल आत घेऊ देईनात. ती रात्रभर अंगणात पावसात राहिली. कातडी सीट भिजली की कायमची वाकते, म्हणून मी तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून आले आणि रात्री दोनदा उठून बघून आले. सायकलस्वारांच्या वाटेवर खोल्या भाड्याने द्यायच्या आणि सायकलला छप्पर नाही, याचा मला अजून राग येतो.

तर, फाटलेला टायर. फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढले. एका दुकानातल्या मुलाला 27 इंची टायर विचारला.

‘‘साडेसत्तावीस आहे.’’

साडेसत्तावीस म्हणजे 584 मिलिमीटरची रिम. माझी 27 इंची रिम 630ची. नावात आकडा मोठा आणि चाक लहान! हल्लीच्या शर्यतीच्या सायकलींचा टायर 622चा, तोही बसत नाही. आठ मिलिमीटरसाठी मी डोंगरात अडकले होते. मुलगा सभ्य होता, त्याने मागवून देतो म्हटलं. चार दिवस लागणार होते.

रस्त्याकडेला एक शेतघर होतं. फाटकाशी ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा कुत्र्याशी बोलत उभे होते. मी म्हटलं, ‘‘जुन्या टायरचा एखादा तुकडा मिळेल का? आतून लावायला.’’ आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘‘गेटर.’’

त्यांनी टोपी मागे सरकवली. ‘‘गेटर? गेटर हवाय होय तुला? आत ये, लव्ह.’’

तिकडे अनोळखी बाईलाही ‘लव्ह’ म्हणतात, आपल्याकडे ‘अगं बाई’ म्हणावं तसं. पण मी जागची हलले नव्हते. गेटर हा शब्द मी जन्मभर आमच्या पेठेतला समजत होते. बाबांच्या सायकलला एका वेळी दोन-दोन गेटर असायचे, ‘‘टायर पहिल्या तारखेनंतर बघू, आत्ता गेटर टाका’’ हे वाक्य घरातलं. आणि इथे हा माणूस सांगत होता की त्याचे वडीलही दुधाच्या फेरीच्या सायकलला गेटर घालत, आणि पन्नास वर्षांत हा शब्द कुणी त्याच्यापाशी उच्चारला नव्हता.

नातवाच्या लहान सायकलचा टायर गोठ्यात लटकत होता. त्यांनी वीतभर तुकडा कापला, कडेच्या तारा काढून टाकल्या आणि मेंढ्यांचे खूर तासायची सुरी घेऊन कडा तासायला बसले.

‘‘कड जाड राहिली तर ट्यूबला चावते,’’ मी म्हटलं.

‘‘माहीत आहे,’’ ते म्हणाले आणि सुरी माझ्या हातात दिली. ‘‘तुमच्याकडे कसं तासतात ते दाखव.’’

काका तुकडा गुडघ्यावर ताणून धरायचे आणि सुरी आडवी, अंगापासून दूर न्यायचे. मी तसंच केलं. आजोबा वाकून बघत होते. सोल्युशन लावलं, बसवला, हवा नेहमीपेक्षा कमी भरली. पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा दिला.

ग्रीनहाऊचा चढ मी निम्मा चालत चढले. पेटली ब्रिज गावाकडचा उतार तर पूर्ण चालत उतरले, तिथे गेटरवर भरवसा ठेवायची हिंमत झाली नाही. पुढे सपाटीला चाकाच्या दर फेऱ्याला सीटखाली एक हलका टणका बसायचा. रिपन, फाऊंटन्स अ‍ॅबी या जुन्या मठाजवळची हरणं, यॉर्कची गर्दी, सगळं त्या टणक्याच्या तालावर गेलं.

यॉर्कला 27 इंची टायर मिळाला. तो गुंडाळून कॅरियरला बांधला आणि गेटरवरच पुढे निघाले. ब्रिडलिंग्टनला, समुद्राच्या भिंतीला सायकल टेकवून, टायर बदलला. गेटर जागचा हललेला नव्हता. आता तो सीटमागच्या पिशवीच्या डाव्या खिशात आहे, पान्याशेजारी.